मेलिसा एथरिज मराठीत आणताना: 'तू' आलास की आलीस?

सांजवेळ (धागाकर्ती)

इंग्रजी गाणी मराठीत आणायचा मला नाद आहे. चालीत बसलीच पाहिजेत असा हट्ट नाही. ऐकताना जे पोचतं ते आपल्या भाषेत कसं म्हणू, एवढाच खेळ. गेल्या महिन्यात मेलिसा एथरिज या अमेरिकन रॉक गायिकेचं 'लाइक द वे आय डू' हातात घेतलं आणि पहिल्याच कडव्यात गाडी रुतली.

गाणारी बाई पोळलेली आहे. समोरच्या माणसाला ती विचारते, की ती दुसरी माझ्याएवढं प्रेम करते का तुझ्यावर? दुसरी म्हणजे बाईच, तिथे सरळ 'शी' आहे. समोरचं माणूस मात्र नुसतं 'यू'. १९८८ साली हे गाणं आलं तेव्हा रेडिओ ऐकणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात नेहमीचाच त्रिकोण उभा राहिला असणार: दोन बायका आणि मधे एक पुरुष. माझ्या डोक्यात तरी तोच होता, चांगली सात-आठ वर्षं. आता त्या 'यू'च्या जागी बाई ठेवा आणि पुन्हा ऐका. एक अक्षर बदललेलं नाही, तरी गाणं दुसरंच.

मराठीत हे जमत नाही. 'तू तिच्याकडे गेलास' की 'गेलीस'? 'तू खोटं बोलतोस' की 'बोलतेस'? आपली भाषा नाक्यावरच्या हवालदारासारखी आहे, कागद दाखवल्याशिवाय पुढे सोडत नाही. एथरिजबाईंनी पहिले तीन अल्बम त्या 'यू'च्या आडोशाला राहून काढले: १९८८चा स्वतःच्या नावाचा, १९८९चा 'ब्रेव्ह अँड क्रेझी', १९९२चा 'नेव्हर इनफ'. खोटं कुठे बोलल्या नाहीत. इंग्रजी 'ही', म्हणजे 'तो', घालून गाणी सोज्वळ केली नाहीत. फक्त सांगितलं नाही.

आणि आडोसा तरी कसला! लॉस एंजेलिसला त्या १९८२च्या सुमारास आल्या, बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातून शिक्षण अर्धवट सोडून. त्यानंतरची चार-पाच वर्षं पोट भरलं ते बायकांच्या बारमध्ये गाऊन. लेस्बियन बायका जिथे जमायच्या तसे बार. लाँग बीचला 'के सेरा' नावाचा असाच एक बार होता. आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेलनी, म्हणजे बॉब मार्लेला जगापुढे आणणाऱ्या माणसानं, त्यांना तिथेच ऐकलं आणि करार केला. म्हणजे ज्यांना माहीत होतं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती गाणी आधी त्या बायकांसमोर वाजली, त्यांना 'यू' कोण ते विचारावं लागलं नसणार. उरलेल्या अमेरिकेला कळायला जानेवारी १९९३ उजाडला.

त्या महिन्यात बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्ष झाले. शपथविधीच्या निमित्तानं वॉशिंग्टनमध्ये समलिंगी मंडळींनी 'ट्रँगल बॉल' नावाचा सोहळा ठेवला होता. गायिका के. डी. लँग तिथे होत्या, त्यांनी आदल्याच वर्षी मासिकाला मुलाखत देऊन आपण लेस्बियन असल्याचं सांगून टाकलं होतं. एथरिज मंचावर गेल्या आणि म्हणाल्या, मी आयुष्यभर लेस्बियन आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. झालं.

मग लोकांनी पाठ फिरवली का? पुढच्याच महिन्यात पहिलं ग्रॅमी मिळालं, 'एन्ट इट हेवी'साठी. सप्टेंबरात चौथा अल्बम आला, नाव 'येस आय ॲम'. एकट्या अमेरिकेत साठ लाखांवर खप. 'आय ॲम द ओन्ली वन' हे गाणं तर चढत चढत पहिल्या दहात पोचलं ते १९९५च्या सुरुवातीला, अल्बम येऊन सव्वा वर्ष होऊन गेल्यावर. 'कम टू माय विंडो'ला दुसरं ग्रॅमी. गंमत म्हणजे 'येस आय ॲम' हे शीर्षकगीत चक्क प्रेमगीत आहे, जाहीरनामा वगैरे काही नाही. पण त्या वर्षी त्या बाईच्या तोंडचं 'हो, आहे' लोकांनी कसं ऐकलं असेल ते सांगायला नको.

तर प्रश्न: ही गाणी मराठीत आणताना मी 'गेलीस' लिहावं का? १९८८चं गाणं आहे, तेव्हा तिनं ते झाकलं होतं. मी उघडं करू की तिच्यासारखीच पळवाट शोधू?

सहावी_तार

वा! या बाईंवर इथे धागा येईल असं वाटलं नव्हतं.

भाषेतलं मला कळत नाही, गिटारचं बोलतो. एथरिज बारा तारांची गिटार वाजवतात आणि ती जवळजवळ ढोलकीसारखी वाजवतात. उजवा हात बघा, मनगट नाही, अख्खा खांदा हलतो. बारमध्ये एकटीनं गाणाऱ्या माणसाला ते करावंच लागतं. मागे ड्रम नाही, बास नाही, समोर लोक गप्पा मारताहेत, बाटल्या वाजताहेत. आपणच ताल, आपणच भरणा.

पहिल्या अल्बमची गोष्ट त्यामुळेच आवडते. आधी तो ऐंशीच्या दशकाच्या पद्धतीनं गुळगुळीत करून रेकॉर्ड केला होता. ब्लॅकवेलनी ऐकला आणि नाकारला, बारमध्ये ऐकली ती बाई यात नाही म्हणून. मग बास आणि ड्रमवाले घेऊन चार दिवसांत सगळा पुन्हा रेकॉर्ड केला. 'ब्रिंग मी सम वॉटर' आज ऐकलं तरी कालचं वाटतं ते त्या चार दिवसांमुळे. त्याच वर्षी निघालेले कितीतरी अल्बम आता कीबोर्डच्या आवाजामुळे ऐकवत नाहीत.

एमटीव्हीच्या १९९५च्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात ब्रूस स्प्रिंगस्टीनबरोबर 'थंडर रोड' गायल्यात तेही बघा. लहानपणापासूनचा देव शेजारी उभा आहे आणि बाई हसू आवरत गाताहेत.

स्पष्टवक्ता

लेख चांगला. पण एक कळत नाही, गाणं ऐकावं की गाणाऱ्याच्या घरात डोकवावं? कोण कोणाबरोबर राहतं याच्याशी श्रोत्याला काय देणं? आपल्याकडे असलं विचारत नाहीत ते बरं आहे.

काना_मात्रा

@स्पष्टवक्ता, आपल्याकडे विचारत नाहीत? आपण दिवाळी अंक चाळत नाही असं दिसतं.

मुद्द्याचं. धागाकर्तीच्या हवालदाराला पळवाटा आहेत. मराठीत लिंग सगळीकडे उघडं पडत नाही. भविष्यकाळ बघा: 'तू येशील', 'मी वाट पाहीन'. कोण, कळत नाही. आज्ञार्थ: 'ये', 'जा', 'थांब'. कळत नाही. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ तर उत्तम, 'मी पत्र लिहिलं', 'मी दार उघडलं'. क्रियापद कर्माच्या मागे जातं, कर्ता अंधारात. (फक्त 'तू' आलं की 'लिहिलंस'चा स् चिकटतो, पण तो स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच.) सापडतो आपण कुठे? वर्तमानात आणि 'गेलो-आलो'मध्ये.

त्या हिशेबानं 'कम टू माय विंडो' मराठीत आणायला सगळ्यात सोपं. 'माझ्या खिडकीशी ये.' झाकलेलं झाकलेलंच राहिलं. आणि 'येस आय ॲम' म्हणजे 'हो, आहे मी'. तेही सुटलं. अडेल ते 'आय ॲम द ओन्ली वन'ला. 'मीच एकटी' म्हणावंच लागेल.

ही युक्ती आपल्याकडे आधी तेंडुलकरांनी करून ठेवली आहे. 'मित्राची गोष्ट' हे नाटक. नायिका सुमित्रा, तिला सगळे मित्रा म्हणतात, तिचं प्रेम एका मुलीवर. पण शीर्षक नुसतं वाचलं तर कुठल्यातरी मित्राची गोष्ट वाटते. 'मित्र' आणि 'मित्रा', षष्ठीत दोघांचं 'मित्राची'च होतं. ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी रोहिणी हट्टंगडी ती भूमिका करत होत्या, म्हणजे साधारण एथरिज लॉस एंजेलिसची वाट धरत होत्या तेव्हाच.

सांजवेळ

@काना_मात्रा, दंडवत घ्या. 'मित्राची' कधी असं वाचलंच नव्हतं.

पण मग गवळणी, विरहिण्या, लावण्या? आपल्याकडे पुरुषांनी बाईच्या तोंडानं शेकडो वर्षं लिहिलंय आणि कोणाला काही वाटलं नाही.

काना_मात्रा

त्यात बाईचा आवाज उसना घेतलाय, पण समोर कृष्ण किंवा विठ्ठल आहे, नाहीतर शौकीन पाटील. बाईनं बाईला म्हटलेलं शोधा, मग बोलू.

जोंधळा (कॅन्सस)

उशिरा आलो. मी लेव्हनवर्थपासून तासाभराच्या आत राहतो, म्हणून हजेरी लावतोच. एथरिज यांचं गाव ते. जन्म २९ मे १९६१.

ते गाव डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या बाई कळत नाहीत. मिसुरी नदीच्या काठावर, एका अंगाला लष्कराचा जुना तळ, दुसऱ्या अंगाला तुरुंग. एक-दोन नव्हे, आसपास बरेच. केंद्र सरकारचा मोठा तुरुंग तर अमेरिकेत म्हणीसारखा वापरतात, 'लेव्हनवर्थला गेला' म्हणजे आत गेला. वडील शाळेत शिक्षक, आई लष्करात संगणकाचं काम करणारी. आठव्या वर्षी घरात गिटार आली. शाळकरी वयातच कंट्री गाणाऱ्या बँडबरोबर मोठ्यांच्या कार्यक्रमांना जायला लागल्या आणि कैद्यांसमोरही गायल्या. त्यांचं म्हणणं, कैद्यांसारखे श्रोते नाहीत. बाहेरून कोणी आलंय यातच त्यांना आनंद असतो.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे २०२४ची 'आय ॲम नॉट ब्रोकन' ही मालिका. टोपेकाला बायकांचा तुरुंग आहे. तिथल्या पाच कैदी बायकांशी एथरिज यांनी पत्रव्यवहार केला, त्यातून 'अ बर्निंग वुमन' हे गाणं लिहिलं आणि तुरुंगाच्या आवारात जाऊन गायल्या. त्या बायकांपैकी बऱ्याच जणी व्यसनातून तिथे पोचलेल्या. एथरिज यांचा मुलगा मे २०२० मध्ये ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या) व्यसनानं गेला, एकविसाव्या वर्षी. घोटा मोडला होता, वेदनाशामक गोळ्या दिल्या, तिथून सुरुवात. त्यानंतर त्यांनी ओपिऑइड व्यसनावरच्या संशोधनाला पैसा उभा करणारी संस्था काढली. पत्रं वाचताना त्यांचा चेहरा बघवत नाही.

लॉकडाउन लागल्यापासून त्या रोज घरून ऑनलाइन गात होत्या. मुलगा गेला आणि ते थांबलं.

अवांतर: १९९३ साली ज्या क्लिंटनच्या सोहळ्यात त्या बोलल्या, त्याच क्लिंटननी त्याच वर्षी सैन्यातल्या समलिंगींसाठी 'विचारू नका, सांगू नका' हे धोरण आणलं. लष्करी गावातल्या मुलीला हे कसं लागलं असेल याचा विचार करतो कधी कधी.

राधाक्का

मला गाण्यातलं फार कळत नाही. मला या बाई माहीत आहेत त्या डोक्यावर एक केस नसलेल्या.

२००९ साली माझी केमो चालू होती. भाच्यानं लॅपटॉपवर एक व्हिडिओ लावून दिला. २००५च्या फेब्रुवारीतला ग्रॅमी सोहळा. आदल्या ऑक्टोबरात या बाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला होता. जॅनिस जॉप्लिनची गाणी म्हणायची होती. आधी जॉस स्टोन ही तरुण मुलगी गाते, मग या येतात. टोप नाही, स्कार्फ नाही. तुळतुळीत डोकं, गळ्यात गिटार. आणि 'पीस ऑफ माय हार्ट' म्हणताना ती जी किंचाळी मारतात! मी तेव्हा घरातल्या घरातसुद्धा रुमाल बांधत होते, दूधवाल्यानं बघू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी दूध मी तशीच जाऊन घेतलं. तो बिचारा पिशवी देऊन पळाला.

आता खरं सांगते, सगळंच पटत नाही यांचं. २०१३ साली अँजेलिना जोलीनं जनुकाचा दोष निघाल्यावर स्तन काढून घेतले, तेव्हा या म्हणाल्या की हे धाडस नव्हे, ही भीती. स्वतःला तोच दोष असल्याचंही सांगितलं. ताण, आहार यावर त्यांचा फार भर. माझ्या धाकट्या बहिणीनं तीच शस्त्रक्रिया करून घेतली आहे. तिच्यासमोर असं कोणी बोललं असतं तर मी उठून गेले असते. पण तो व्हिडिओ अजून ठेवलाय.

सहावी_तार

+१. २००७चं ऑस्करही राहिलं. 'ॲन इन्कन्व्हीनियंट ट्रुथ' या माहितीपटातलं 'आय नीड टू वेक अप'. समोर 'ड्रीमगर्ल्स'ची तीन गाणी होती, तरी यांनाच मिळालं. भाषणात बायकोचे आभार मानले, अगदी सहज, कोणीही नवरा मानतो तसे.

स्पष्टवक्ता

बायको? कायद्यानं होती का?

जोंधळा (कॅन्सस)

नाही. २००३ साली टॅमी लिन मायकल्स यांच्याबरोबर समारंभ केला होता, कायद्याचं लग्न नव्हे. कॅलिफोर्नियात २००८ साली काही महिने असं लग्न करता आलं, मग नोव्हेंबरात 'प्रपोझिशन ८'वर मतदान होऊन ते बंद झालं. तेव्हा एथरिज यांनी जाहीर लिहिलं: मी पूर्ण नागरिक नसेन तर राज्याचा करही भरणार नाही, पाच लाख डॉलर वाचतील. २०१३ साली ती बंदी उठली आणि २०१४ साली लिंडा वॉलेम यांच्याशी रीतसर लग्न झालं. दोघींची जन्मतारीख एकच आहे, दिवस-महिना-वर्ष सगळं.

त्याआधीच्या जोडीदार ज्युली सायफर. त्या दोघींच्या दोन मुलांचे जैविक वडील गायक डेव्हिड क्रॉस्बी, हे २००० साली 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं होतं. तुमचा घरात डोकावण्याचा मुद्दा तिथे लागू होईल, पण ते दार त्यांनी स्वतःच उघडलं होतं. शाळेत मुलांना कोणीतरी विचारणारच होतं.

पागोळी

बरीच वर्षं इथे फक्त वाचन. हा पहिलाच प्रतिसाद.

१९९७. पुणे, सदाशिव पेठेत पेइंग गेस्टची खोली, चार खाटा. एका व्यक्तीनं नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली. एका बाजूला 'येस आय ॲम', दुसऱ्या बाजूला जे मिळालं ते. आतल्या कागदावर गाण्यांची नावं बॉलपेननं लिहिलेली आणि 'येस आय ॲम'खाली दोन रेघा. त्या दोन रेघांचा अर्थ कळायला वर्ष लागलं. वॉकमनवरच ऐकावी लागायची, खोलीत इतर असायचे. 'सायलेंट लेगसी' या गाण्याला रिवाइंड करून करून तिथली टेप चुरगळली.

त्या कॅसेटवर ना फोटो, ना माहिती. गायिका कोण, कशी, काही कळायला मार्ग नव्हता, तरी काहीतरी कळत होतं. सांजवेळ म्हणतात तो 'यू' माझ्यासाठी कधीच पुरुष नव्हता, पण हे कोणाला सांगणार? तेव्हा समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ होतं. ते कलम पुरुषांसाठी असतं असं लोक सांगायचे, पण भीती वाटण्यासाठी कलम वाचावं लागत नाही.

भाषांतराबद्दल: उघडं करू नका असं मत. भविष्यकाळ आहे ना.

राधाक्का

@पागोळी, किती छान लिहिलंत. पण तुम्ही ताई की दादा? उत्तर कसं द्यायचं कळेना. 'लिहिलंत'वर भागवलंय.

काना_मात्रा

राधाक्का, राहू द्या. 'लिहिलंत' अगदी बरोबर आहे.

सांजवेळ

दोन दिवस विचार करून 'लाइक द वे आय डू'चे दोन खर्डे केले. एकात सगळीकडे 'गेलीस', 'बोलतेस'. दुसऱ्यात काना_मात्रांच्या पळवाटा. दुसरा सफाईदार झालाय, पण त्यात राग उरला नाही. ती बाई गाण्यात वर्तमानात उभी आहे, 'करशील', 'येशील' म्हटलं की विनवणी होते. पहिला खर्डा ओबडधोबड आहे, पण मोठ्यानं वाचला तेव्हा शेजारच्यांनी खिडकी लावली.

१९९३नंतर त्या स्वतः मंचावर हे जुनं गाणं म्हणतात तेव्हा शब्द तेच असतात, पण समोरच्या प्रत्येकाला 'यू' कोण ते माहीत असतं. म्हणजे इंग्रजीतसुद्धा आता ते 'गेलीस'च झालंय. मी पहिला ठेवते आहे. पागोळी, तुमचं मत मोडलं, राग मानू नका.

स्पष्टवक्ता

'सायलेंट लेगसी' ऐकलं. शब्द नीट कळावेत म्हणून दोनदा. एवढंच.

पागोळी

राग नाही. पहिला खर्डा इथे टाका, वाचायचा आहे.

राधाक्का, ताई. मी ठरवून तसं लिहीत नव्हते, सवय आहे. ऑफिसात सोमवारी 'वीकेंडला काय केलं' विचारलं की 'सिनेमा पाहिला', 'आंबे आणले'. कोणाबरोबर, ते वाक्यात येऊच द्यायचं नाही. सव्वीस वर्षांत जीभ तशी वळली.

कॅसेट तिनं दिली होती. आत्ता शेजारी बसून हे वाचते आहे आणि म्हणते आहे, की ती उसनी दिली होती, भेट नव्हे, आणि टेप चुरगळल्याचं तिला आजच कळतंय.